चरितार्थ आणि जीवितकार्य



गेल्या वर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागल्यावर आमचा एक विद्यार्थी आपल्या वडिलांसह आमच्या घरी आला. वडील म्हणाले, "सर, तुमचं हा ऐकेल. याला सांगा, आधी पोटाचं बघ. देवाचं आणि देशाचं मग." मुलगा मान खाली घालून, पण निश्चयाने म्हणाला, "मला पैशाच्या मागे लागायचं नाही. देवाने मला ज्या कामासाठी जन्माला घातलं, ते मला शोधायचं आहे."

दोघांचेही म्हणणे आम्हांस अर्धेच पटले. त्या दिवशी चहापाणी करून आम्ही त्यांची बोळवण केली. उत्तर मात्र सुचले नाही. ते उत्तर आज द्यावयाचे योजिले आहे. ते आमच्या पदरचे नाही. ज्या गृहस्थाने आपल्या मराठी भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले, त्या विल्यम केरी यांच्या चरित्रातून ते आम्ही घेतले आहे.

केरी यांचा जन्म १७६१ साली इंग्लंडातील एका खेड्यात झाला. घरची गरिबी असल्यामुळे लहानपणीच ते जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवारीस लागले. काम करता करता त्यांनी लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा आत्मसात केल्या. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी स्वतः तयार केलेला जगाचा नकाशा लावलेला असे. हात चामड्यात गुंतलेले आणि दृष्टी त्या नकाशावर, असा त्यांचा क्रम होता. दूरदेशी जाऊन धर्मसेवा करावी, हे आपले जीवितकार्य होय, अशी त्यांची खात्री झाली, आणि १७९३ च्या नोव्हेंबरात ते सहकुटुंब कलकत्त्यास उतरले.

येथपर्यंतची कथा आमच्या त्या विद्यार्थ्यास फार आवडेल. परंतु पुढे काय झाले, तेही त्याने ऐकावे. जवळचे द्रव्य थोड्याच महिन्यांत संपले. परक्या मुलखात बायकामुलांस घेऊन अन्नास महाग होण्याची पाळी आली. तेव्हा १७९४ साली केरी यांनी उत्तर बंगालमधील मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी पत्करली. वेतन दरमहा दोनशे रुपये होते. नोकरी लागताच त्यांनी विलायतेतील आपल्या मंडळीस कळविले की, आता मला तुमच्या साहाय्याची गरज नाही. ते द्रव्य दुसऱ्या कोणाच्या कार्यास लावावे.

मंडळीतील कित्येकांना यात आनंद वाटण्याऐवजी काळजीच वाटली. सेवक व्यापारात शिरला. आता तो व्यापारीच होऊन बसेल, अशी शंका घेऊन त्यांनी इशारा देणारे पत्र धाडले. केरी यांच्या मनास ते लागले. त्यांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा की, कुटुंबाच्या निर्वाहापुरते ठेवून माझी उरलेली सर्व मिळकत भाषांतराच्या, लेखकांच्या आणि शाळेच्याच कामी जाते.

विद्यार्थ्यांनो, येथे क्षणभर थांबा. 'किती मिळविले?' असा प्रश्न मंडळी विचारीत होती. केरी उत्तर देत होते ते 'कशासाठी मिळविले?' या प्रश्नाचे. धन आणि धर्म यांचा तंटा बहुधा या दोन प्रश्नांच्या घोटाळ्यातून उत्पन्न होतो.

१८०० साली केरी श्रीरामपुरास गेले. तेथे मार्शमन व वॉर्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी असा नियम केला की, ज्याची जी कमाई होईल ती एकाच सामाईक निधीत पडावी, आणि प्रत्येक कुटुंबाने त्यातून गरजेपुरतीच रक्कम उचलावी. १८०१ साली फोर्ट विल्यम कॉलेजात दरमहा पाचशे रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. पुढे हे वेतन हजारांवर गेले. मिळकत वाढली, पण निर्वाहाचा खर्च तिच्या मागोमाग वाढू दिला नाही. पुरे कोठे म्हणावयाचे, हे त्यांनी पैसा हाती येण्यापूर्वीच ठरवून ठेविले होते. पैसा आल्यानंतर ते ठरविणे फार अवघड जाते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. आमचे पहिले वेतन आम्हांस पुष्कळ वाटले होते. पुढे ते अनेक पटींनी वाढले, आणि तक्रारही त्याच मानाने वाढली.

दुसरी गोष्ट याहूनही मोलाची आहे. कॉलेजात केरी यांच्याकडे बंगाली व संस्कृत यांच्या जोडीस मराठीचेही अध्यापन आले. हे काम पगाराचे होते. परंतु वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्याने ते त्यांनी इतक्या मनोभावे केले की, त्यातून १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले आहेत. पोटासाठी धरलेले काम अशा रीतीने जीवितकार्याचेच अंग बनले. ते कोठे संपले आणि हे कोठे सुरू झाले, याची रेघ आज कोणास ओढता येणार नाही.

१८१२ च्या मार्च महिन्यात श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. अनेक भाषांचे खिळे, कागदाचा साठा आणि कित्येक वर्षांच्या श्रमांची हस्तलिखिते जळून गेली. केरी यांचे डोळे भरून आले. तथापि वितळलेल्या धातूचे पुन्हा खिळे पाडून काही महिन्यांत छपाई सुरू झाली. द्रव्य मिळविण्याची हातोटी आणि ते गमावल्यावर न खचण्याची श्रद्धा, या दोहोंचीही त्या वेळी गरज पडली.

परंतु या चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. केरी यांच्या पत्नी डॉरोथी प्रथम हिंदुस्थानात येण्यास राजी नव्हत्या. मदनावतीस त्यांचा पाच वर्षांचा पीटर आजाराने गेला. त्यानंतर त्या माउलीचे चित्त ठिकाणावर राहिले नाही, आणि १८०७ साली त्याच स्थितीत त्यांचा अंत झाला. पतीच्या ध्येयाची किंमत पुष्कळ अंशी पत्नीने भरली. म्हणून आम्ही म्हणतो की, लोभी मनुष्यच तेवढा आपल्या घरच्यांस दुःख देतो असे नाही. ध्येयवादी मनुष्याकडूनही ते घडू शकते. माझ्या निवडीचा भार कोणाच्या खांद्यावर पडणार, हे दोघांनीही स्वतःस विचारावयास हवे.

आता आमच्या त्या दोन पाहुण्यांस उत्तर. पालकांस आमची विनंती अशी की, मुलाच्या नोकरीचा विचार करताना वेतनाचा आकडा अवश्य विचारा. पण ते काम करून माझा मुलगा कसला मनुष्य होईल, हेही त्याच बैठकीत विचारा. विद्यार्थ्यांस आमचे सांगणे असे की, देवाची हाक ऐकू येते म्हणून गणिताची वही मिटू नका. पौल प्रेषित राहुट्या करीत, कबीर विणीत, सावता माळी मळा पिकवीत. ज्याच्या हातास एक धंदा येतो, त्यास आपली सेवा विकावी लागत नाही.

सुट्टी लागेल तेव्हा एका कागदावर तीन प्रश्न लिहा: मला कोणते काम चांगले करता येते? मला खरोखर किती पुरेल? उरेल ते कोणासाठी? उत्तरे लिहिण्याची घाई करू नका. आईवडिलांजवळ बसून लिहा. तो कागद जपून ठेवा आणि पहिला पगार हाती येईल त्या दिवशी तो पुन्हा उघडून वाचा.