पुतणीस पत्र : रात्रपाळ्या सोडण्याविषयी



पत्रास कारण की, पुतणी यापुढे तातडीच्या विभागातील रात्रपाळ्या सोडून केवळ मेंदूच्या प्रतिमांच्या संशोधनास वाहून घेणार असल्याचे तिच्या आतेभावाकडून घरी समजले, आणि ही वार्ता खरी असल्यास तो निर्णय घाईचा आहे, असे काकांचे स्पष्ट मत आहे.

प्रतिमांचे मोल काका जाणतात. मेंदूचा पहिला सीटी स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांच्या अनेक कोनांतील नोंदींवरून संगणकाने रचलेला छेद, १९७१ मध्ये विम्बल्डनच्या रुग्णालयात झाला. परंतु ते यंत्र काकांच्या तालुक्यात येण्यापूर्वी अर्धांगवायूच्या रुग्णाच्या मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे नुसत्या तपासणीने खात्रीने कळत नसे, आणि एकाचे औषध दुसऱ्यास घातक असल्याने काहीच करता येत नसे. त्या रुग्णांची सल काकांच्या मनातून अद्याप गेलेली नाही.

गुठळी विरघळवणारे औषध देण्याची, त्रास सुरू झाल्यापासूनची मुदत १९९५ च्या चाचणीने तीन तास ठरवली आणि २००८ च्या चाचणीने ती साडेचार तासांवर नेली. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिफ्यूज ३’ या चाचणीने, मेंदूचा वाचण्याजोगा भाग शिल्लक असल्याचे प्रतिमांत दिसणाऱ्या निवडक रुग्णांत सहा ते सोळा तासांपर्यंतही नळीवाटे गुठळी काढण्याचा लाभ दाखवला. झोपेतून उठताच हात लुळा पडलेला, त्रास केव्हा सुरू झाला हे सांगू न शकणारा रुग्ण अशा संशोधनाचा प्रश्न घेऊन येतो, आणि तो येतो तातडीच्या विभागात. प्रतिमा कोणाची काढू नये, हेही तिथेच शिकता येते : नेथन कुपरमन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये डोक्यास मार लागलेल्या ४२ हजारांहून अधिक मुलांच्या निरीक्षणातून, सीटीवाचून सुरक्षितपणे सोडता येतील अशी मुले ओळखण्याचे नियम मांडले. म्हणून पुन्हा सांगणे हेच की, तो विभाग पुरता सोडू नये.

मात्र थकवा हे कारण असेल, तर पाळ्या कमी करून घ्याव्यात. त्यात कमीपणा मुळीच नाही, आणि वरील शब्द कठोर वाटले असल्यास ते काळजीपोटी आले, असे समजावे. उत्तराची घाई नाही. पाळी संपल्यावर आधी पोटभर जेवावे, पुरेसे झोपावे, आणि निर्णय कोणताही झाला तरी दिवाळीस घरी यावे. काकूंनी तिच्यासाठी चिरोटे करण्याचे आतापासूनच ठरवले आहे.