मळीचे मोल

मुलांनो, कारखान्यात ऊस गाळला की साखर निघते आणि काळी, चिकट मळी उरते. एक टन उसामागे सुमारे ४० किलो मळी मिळते. तिच्यापासून ९-१० लिटर इथेनॉल होते. ते पेट्रोलमध्ये मिसळतात.

यात शेतकऱ्याचा काय फायदा? कायद्याने उसाचे बिल १४ दिवसांत मिळायला हवे. पण साखर गोदामात पडून राहते आणि पैसे अडकतात. मग घरात लग्न निघाले, तर शेतकरी सावकाराचे दार गाठतो! इथेनॉल मात्र तेल कंपन्या ठरलेल्या दराने घेतात. त्यांचे पैसे लवकर येतात. त्यांतून बिले भागतात.

पण ऊस पाणी फार पितो. २०२३ साली पाऊस कमी झाला. डिसेंबरमध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले. मळीचे इथेनॉल तेवढे चालू राहिले.

शब्दार्थ : गाळणे – रस काढणे, मोल – किंमत