मोटारीची गादी

मोटारीत बसल्यावर आपले लक्ष खिडकीबाहेर धावणाऱ्या झाडांकडे असते. ज्या गादीवर आपण बसतो, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु एके काळी केवळ गादीसाठी तरुण मुले परदेशाची सीमा ओलांडून जात असत, हे सांगितले तर तुम्हांला खरे वाटेल काय?

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला लागून मेक्सिको देशातील तिहुआना हे शहर आहे. १९५० ते १९७० च्या दरम्यान कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड, मर्क्युरी अशा मोटारी विकत घेऊन त्या आपल्या आवडीप्रमाणे सजवीत. बाहेरचा रंग चकचकीत झाला, की आतल्या गाद्याही तितक्याच देखण्या हव्यात! तिहुआनात मजुरी स्वस्त होती आणि कारागीर तरबेज होते. म्हणून मोटारींची रीघ तिकडे लागे.

त्या गादीवर बोटभर रुंदीच्या नव्हे, चांगल्या दोन इंचांच्या फुगीर पट्ट्या एकीशेजारी एक असत. आईच्या लुगड्याच्या निऱ्या जशा सारख्या पडाव्या लागतात, तशाच या पट्ट्याही. मात्र निरी चुकली तर ती सोडून पुन्हा घालता येते. येथे तशी सोय नाही. कापडातली टीप उसवली तर भोके हळूहळू मिटतात. रेक्झिनमधले सुईचे भोक कायमचे राहते.

म्हणून कारागीर आधी मोजतो. खालच्या अस्तरावर तो दोन दोन इंचांवर रेघा मारतो, तर वरच्या रेक्झिनवर अडीच अडीच इंचांवर. हा अर्धा इंच जास्त कशाला? रेक्झिनची सुलट बाजू आत येईल अशी रेघेवर घडी घालावयाची, ती घडी अस्तराच्या रेघेवर ठेवावयाची आणि कडेपासून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सोडून टीप मारावयाची. घडीच्या दोन्ही पदरांत मिळून पाव इंच जातो. उरलेला पाव इंच पट्टीला फुगवटा देतो. मग रेक्झिन उलटून पसरले, की टीप खोबणीत दडून जाते.

आता थोडे गणित करा. अस्तरावरचे प्रत्येक अंतर अवघे अर्धा सूत चुकले, तर वीस पट्ट्यांत मिळून किती चुकेल? दहा सूत, म्हणजे सव्वा इंच! मग बैठकीच्या रेघा पाठीच्या रेघांना मिळणार नाहीत, आणि ही चूक आंधळ्यालाही हाताने कळेल.

टाकेही फार बारीक घालून चालत नाही. पोस्टाच्या तिकिटांच्या कागदावर भोकांची रांग असते. तेथेच तो फाटतो. बारीक टाक्यांनी रेक्झिनची तीच गत होते. शिवाय रेक्झिन दाबपायाला चिकटते आणि वरचा पदर मागे राहतो. याकरिता या यंत्राचा वरचा पायही सुईबरोबर पुढे पाऊल टाकतो.

प्रत्येक दोन टिपांमध्ये एक लांब बोगदा तयार होतो. पत्र्याच्या दोन अरुंद पट्ट्यांमध्ये कापूस दाबून तो बोगद्यात सरकवतात आणि कापूस धरून पत्रे हलकेच ओढून घेतात. कापूस कमी पडला तर पट्टी मरगळते, जास्त झाला तर टाके ताणतात. तिहुआनात काही दुकानदार कापसाऐवजी गवत, वर्तमानपत्रे, इतकेच काय, घोड्याची वाळलेली लीदही भरतात, अशा कथा तरुण एकमेकांना सांगत. त्यांना तिखटमीठ बरेच लावलेले असावे. तरीही सावध गिऱ्हाईक दिवसभर दुकानातच उभे राही आणि आत काय जाते ते डोळ्यांनी पाही.

शेवटी आवरण स्प्रिंगांच्या सांगाड्यावर ताणून तारेच्या कड्यांनी घट्ट बसवीत. मग तो तरुण दार उघडून आत बसे आणि आपल्या हाताचा तळवा त्या फुगीर रेघांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवी.