बाळाच्या जिभेवरचा पांढरा थर

तान्ह्या बाळाच्या जिभेवर किंवा गालाच्या आतल्या बाजूला पांढरे ठिपके दिसले की आजी मधात टाकणखार खलायला घेते आणि आई प्रतिकारशक्ती वाढवणारं टॉनिक विचारायला दवाखान्यात येते. मी दोघींनाही नाहीच म्हणतो. टाकणखार तान्ह्या बाळाला विषारी ठरू शकतो. मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो, म्हणून वर्षाच्या आत मध चाटवायचाच नाही. टॉनिक का नको, ते जरा सविस्तर सांगायला हवं.

जिभेवर दूध साचलं असेल तर ते ओल्या मऊ कापडानं पुसलं जातं. कँडिडा या बुरशीचे ठिपके सहज निघत नाहीत. खरवडले तर खालची जागा लालभडक दिसते, कधी रक्तही येतं. तेव्हा खरवडू नका. ही बुरशी तुमच्याआमच्या तोंडात, आतड्यात असतेच. मोठ्यांच्या आतड्यातले जीवाणू तिला पसरायला जागा देत नाहीत. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराच्या आतड्यात कँडिडा रुजवायची तर सहसा आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. काही दिवसांच्या पिल्लात मात्र ती तशीच रुजते. साध्या सर्दीला अँटिबायोटिक लिहून द्या म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग पिल्लाची प्रतिकारशक्तीच दुबळी म्हणायची का? इथे मला फार आवडणारा एक प्रयोग आहे. न्यूमोसिस्टिस ही फुप्फुसात राहणारी बुरशी. बहुतेक मुलांची तिच्याशी पहिल्या दोन वर्षांत गाठ पडते आणि आईवडिलांना पत्ताही लागत नाही. उंदराचं नवजात पिल्लू ही बुरशी हटवायला मोठ्या उंदरापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतं. केंटकी विद्यापीठातल्या बेथ गार्वी यांच्या गटानं नवजात पिल्लांच्या प्रतिकारपेशी, स्वतःच्या अशा पेशी नसलेल्या मोठ्या उंदरांना दिल्या. तिथे त्या पेशींनी बुरशी व्यवस्थित हटवली. म्हणजे शिपाई लढायला समर्थ होते, त्यांना बोलावणारी हाक कोवळ्या फुप्फुसातून उशिरा येत होती. फुप्फुस वाढत असताना तिथे जोराची सूज आलेली परवडत नाही, म्हणूनही हा आवर असावा, असं माझं मत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. पण ज्या शक्तीला शरीरानंच आवरून धरलंय, ती बाटलीतल्या सिरपनं कशी वाढणार?

पूर्ण दिवसांच्या, नीट दूध ओढणाऱ्या बाळाला तोंडातली बुरशी फारशी इजा करत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं गणित निराळं. आईच्या प्रतिपिंडांचा मोठा वाटा गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत वारेतून बाळाकडे जातो, तो या बाळाला पुरेसा मिळालेलाच नसतो. त्वचा पातळ, शिरेत नळी, वर अँटिबायोटिक्स. अशा बाळाच्या रक्तात बुरशी शिरली तर जिवावर बेतू शकतं. चंडीगढच्या पीजीआय रुग्णालयात १९९६ ते १९९८ या काळात पिचिया अनोमाला नावाच्या यीस्टची साथ नवजात आणि लहान मुलांत पसरली होती, आणि ते यीस्ट कर्मचाऱ्यांच्या हातांवरही सापडलं होतं. म्हणून नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली (एनआयसीयू) सिस्टर तुम्हाला कोपरापर्यंत हात धुवायला लावते, अंगठी-बांगड्या काढायला सांगते, तेव्हा रागावू नका. काचेच्या पेटीतल्या बाळासाठी आईनं काढून दिलेलं दूध हे तर औषधाच्या तोडीचं. त्यात लॅक्टोफेरिन असतं, आणि ते बुरशीला हवं असलेलं लोह अडवून धरतं.

घरच्या बाळाला ठिपके दिसले तर डॉक्टरांनी दिलेलं बुरशीनाशक सांगितलेले सगळे दिवस लावा, ठिपके गेले म्हणून मध्येच सोडू नका. आईच्या स्तनाग्रांना जळजळ किंवा भेगा असतील तर तिचाही उपचार त्याच वेळी हवा, नाहीतर बुरशी एकमेकांकडे फिरत राहते. अंगावरचं दूध थांबवायचं कारण नाही. जांघेत लालसर पुरळ असेल तर पावडर नको. लंगोट वरचेवर बदला, थोडा वेळ उघडं ठेवा. बाळ दूध सोडतंय, मलूल झालंय, अंग तापलंय किंवा गार पडलंय, तर सकाळची वाट न पाहता निघा. आणि उपचार करूनही तोंडातली बुरशी पुन्हा पुन्हा येत असेल, वजनही वाढत नसेल, तर प्रतिकारशक्तीची तपासणी करून घ्यायची ती तेव्हा.