राइक्सम्युझियममधली दुपार

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचं तिकीट आधीच ऑनलाइन काढावं. त्यावर आत शिरायची वेळ ठरलेली असते. दीडची घ्यावी. म्युझियम पाचला बंद होतं, म्हणजे साडेतीन तास मिळाले. 80 दालनं, सुमारे 8000 वस्तू. सगळं बघायचं मनातही आणू नये.

जेवूनच जावं. दालनांत खाणंपिणं चालत नाही आणि मोठी सॅक क्लोकरूममध्ये द्यावी लागते. मी चिवड्याच्या पाकिटासकट सगळं गाठोडं तिथे सोपवलं आणि अर्ध्या जिन्यातून परत धावले, कारण चष्माही त्यातच राहिला होता. चष्मा, पासपोर्ट, पैसे अंगावर ठेवावेत.

तळमजल्यावर रेंगाळू नये. लिफ्टने थेट दुसऱ्या मजल्यावर जावं. मुख्य दालनाच्या टोकाला रेम्ब्राँचं ‘नाइट वॉच’ (1642) आहे. ते साडेचार मीटर रुंद आहे, लोकांच्या डोक्यांवरूनही दिसतं; पुढे घुसायची गरज नाही. डाव्या कडेकडे मात्र बघून घ्यावं. 1715 मध्ये ते नगरभवनात हलवलं, तिथे भिंतीवर मावेना म्हणून चारही बाजूंनी कापलं, आणि सगळ्यात मोठी पट्टी डावीकडचीच गेली. दारातून जाईना म्हणून कपाटाचे पाय कापावेत, तसं!

मग मागे फिरून व्हर्मेअरची ‘दूधवाली’ गाठावी. जेमतेम 45 सेंटिमीटर उंचीचं चित्र. घोळका पांगेपर्यंत बाजूला उभं राहावं, आणि एकदा जागा मिळाली की मोबाइल पर्समध्ये टाकून दहा मिनिटं हलू नये. आधी दुधाची बारीक धार बघावी. मग पाव: त्यावर रंगाचे ठिपके ठिपके आहेत. मग मागची रिकामी भिंत. तिथे एक खिळा आहे, खिळ्याची सावली आहे, आणि उपटलेल्या खिळ्यांची भोकंसुद्धा. आपल्या स्वयंपाकघरात कॅलेंडरची जागा बदलली की उरतात, अगदी तशीच. खाली फरशीवर पाय शेकायची लाकडी पेटी आहे. ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

एव्हाना पाय बोलायला लागतात. खाली येऊन कॉफी घ्यावी. महाग आहे, पण खुर्चीचं भाडं समजून द्यावेत पैसे.

उरलेला वेळ आशियाई दालनाला. तिथे तमिळनाडूचा चोलकालीन नटराज आहे, ब्राँझचा, दीड मीटर उंच. त्याच्यासमोर मी सवयीने बूट काढायला वाकले होते.

पावणेपाचच्या आत क्लोकरूम गाठावी, नंतर रांग लागते. पाऊस नसला तर चिवडा घेऊन म्युझियमच्याच बागेत बसता येतं. तिथे तिकीट लागत नाही.