साली, कोयी आणि हवामान

प्रश्न : आंब्याच्या कॅनिंग कारखान्यातील साली-कोयी पुन्हा उपयोगात आणल्याने हवामानास खरोखर काही लाभ होतो काय? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : होतो. मे महिन्यात हापूसचा रस काढून झाल्यावर कारखान्यामागे जो ढीग साचतो, त्याच्या पोटात हवा पोचत नसल्यामुळे तो कुजताना मिथेन सुटतो, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवितो. त्याच साली बंदिस्त बायोगॅस संयंत्रात घातल्या, तर तो वायू चुलीत वा बॉयलरमध्ये इंधन म्हणून जळतो, तेवढे विकतचे इंधन वाचते, आणि उरलेली मळी कलमांच्या आळ्यांत खत म्हणून परत जाते. संयंत्र गळके असेल तर मात्र ही सारी तजवीज व्यर्थ!

आपल्याच जिल्ह्यातील काजूचा दाखला पाहावा. बीच्या वजनाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग टरफलाचा. त्याचे तेल रंगांत व ब्रेकच्या अस्तरांत खनिज तेलजन्य रसायनांची जागा काही अंशी घेते, आणि उरलेली पेंड भट्टीत जाते.

कोयीचे कवच संयंत्रात सहजी कुजत नाही. म्हणून साली व कोयी आरंभीच वेगळ्या कराव्यात, आणि कोयी वाळवून जळणास द्याव्यात.