तहान मातीची की रोपाची?

धो धो पाऊस कोसळतो आहे आणि बागेतल्या हिरवळीवर फवारेही चालू आहेत, असे गमतीदार दृश्य तुम्ही पाहिले असेल. फवाऱ्याच्या नळावरील विद्युतझडप घड्याळाच्या हुकमाने उघडते. सकाळचे सहा वाजले की प्रवाह सुरू होतो, झडपेतील विद्युतचुंबक दट्ट्या उचलते आणि पाणी वाहू लागते. घड्याळाला वेळ कळते. ओल कळत नाही. मग हा हुकूम मातीनेच दिला तर? त्यासाठी मातीला नेमके काय विचारायचे, हे आधी ठरवले पाहिजे.

पाणी किती, हे काढणे सोपे आहे. मातीचा नमुना तोला, १०५ अंश सेल्सिअसवर २४ तास वाळवा, पुन्हा तोला. ११५ ग्रॅमचे १०० ग्रॅम झाले, तर ओलावा कोरड्या मातीच्या १५ टक्के. आता सांगा, या मातीला पाणी द्यावे का? उत्तर देताच येणार नाही! माती रेताड पोयटा असेल तर रोप मजेत असेल. भारी काळी असेल तर बहुधा माना टाकून बसलेले असेल.

असे का? पाणी मातीच्या कणांना चिकटून राहते. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक, म्हणून त्यांचे एकूण पृष्ठफळ प्रचंड. तेवढेच पाणी तिथे फार पातळ थरात पसरते आणि घट्ट धरले जाते. मुळाला ते ओढून घ्यावे लागते. या ओढीला ताण म्हणतात. एडगर बकिंगहॅम या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०७ साली मातीतल्या पाण्याकडे या दृष्टीने पाहायला शिकवले.

भरपूर पाऊस झाल्यावर जास्तीचे पाणी दोन-तीन दिवसांत खाली निचरून जाते. उरते ती क्षेत्रक्षमता. आपला शेतकरी ‘वाफसा आला’ म्हणतो ती स्थिती हिच्या जवळपासची, आणि शब्द म्हणून तो मला कितीतरी बोलका वाटतो. त्या वेळी ताण साधारण एकतृतीयांश बार असतो, रेताड मातीत त्याहून कमी. दुसरे टोक सुमारे १५ बारचे, म्हणजे १५० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतके. तिथे कोमेजलेले रोप रात्रीच्या दमट हवेतही सावरत नाही. हा कायम म्लानबिंदू. या दोहोंमधले तेवढे पाणी रोपाचे. त्याला उपलब्ध पाणी म्हणतात.

ताणमापी हे यंत्र चक्क मुळासारखेच वागते. पाण्याने भरलेली बंद नळी, टोकाला सच्छिद्र चिनी मातीची वाटी, वर निर्वातमापकाचा काटा. माती वाळू लागली की वाटीतून पाणी ओढते आणि काटा चढतो. ठरावीक ताणाला काट्याने विद्युतमंडल पूर्ण केले की झडप उघडते; ओल वाटीपर्यंत पोचली की बंद होते. साधारण ८० सेंटीबारच्या पुढे मात्र हे यंत्र चालत नाही. काळी माती भेगाळून वाटीपासून सुटली, तर आणखीच पंचाईत! वाटीत हवा शिरते, काटा शून्यावर येतो आणि सुकत चाललेली बाग यंत्राला चिंब भिजलेली वाटते.

विद्युत् संवेदकाची रीत निराळी. पाण्याचा पराविद्युत स्थिरांक सुमारे ८०, कोरड्या खनिज कणांचा ३ ते ५. म्हणून मातीत खुपसलेल्या दोन पट्ट्यांचे धारित्र ओल वाढताच बदलते. पण हा संवेदक ‘किती’ एवढेच सांगतो. आपल्या मातीच्या दोन्ही मर्यादा आपणच त्याला शिकवायच्या.

त्यांतली खालची मर्यादा तुम्हाला शाळेत काढता येईल. एका डब्यात रेताड आणि एकात काळी माती घेऊन सूर्यफुलाची रोपे वाढवा. तीन-चार पाने आली की पाणी तोडा. पाने लोंबली की रोपावर रात्रभर ओल्या कागदाचे अस्तर लावलेली बरणी पालथी घाला. सकाळीही पाने उभारली नाहीत, तर मुळे काढून टाका आणि शिक्षकांच्या मदतीने त्या मातीचा ओलावा वरीलप्रमाणे काढा. काळ्या मातीचा आकडा मोठा येईल.